दिवाळीची खेळणी : तुमचे प्रश्न

नवरात्र संपलं की इंदूरच्या घराघरांतले माळे रिकामे व्हायला लागतात आणि आमचे फोन वाजायला लागतात. हातात पैसा नसलेल्या घरांतल्या मुलांना दिवाळीत खेळणी मिळावीत म्हणून नगर निगमाच्या मदतीने चालणाऱ्या कामात मी बरीच वर्षं आहे, म्हणून यंदाचे प्रश्न माझ्याकडे आले. खेळणी नवीच द्या, वाटताना मुलांना बोलावू नका, फोटो काढू नका, असं आम्ही सांगत असतो; बरेच प्रश्न त्यावरूनच आहेत. सारखे होते ते एकत्र केलेत, लांबलेले थोडे छाटलेत.

मुलं मोठी झाली, दोन पोती खेळणी पडून आहेत. तुम्ही म्हणता फक्त नवी द्या. फेकण्यापेक्षा कुणाला मिळाली तर काय बिघडलं? हा माज नाही का? (सुदामानगर)

रागावू नका, पण पोतं उघडल्यावर काय निघतं ते आम्ही पाहतो. सापशिडी असते, फासा नसतो. रिमोटच्या गाडीतला सेल फुटून खाली पांढरट खपली धरलेली असते. बाहुलीला बॉलपेनने मिशा काढलेल्या असतात. शंभर तुकड्यांच्या कोड्यातले किती उरलेत, हे मोजायला कुणीतरी दुपारभर बसतं, आणि शेवटी आकाशाचे चार तुकडे नाहीतच असं कळतं. चांगलं खेळणंही असतं त्यात, नाही असं नाही. पण ते शोधण्यात माणसं खर्ची पडतात. ऐन दिवाळीत माणसंच कमी असतात.

माझी कसोटी सोपी आहे: हे खेळणं तुम्ही भाच्याच्या वाढदिवसाला नेलं असतं का? असतं, तर आणा. नसतं, तर दुसऱ्याच्या मुलाला का?

अमेरिकेत मरीन कोअरच्या राखीव दलाचा ‘टॉइज फॉर टॉट्स’ हा उपक्रम १९४७ साली लॉस एंजेलिसमध्ये सुरू झाला. नाताळासाठी लोकांकडून जुनी खेळणी गोळा करायची, जवानांनी ती दुरुस्त करायची, रंगवायची आणि वाटायची. तीस-बत्तीस वर्षं असं चाललं. १९८० पासून त्यांनी फक्त नवी खेळणी घ्यायला सुरुवात केली. दुरुस्तीला जवानांचे तास पुरेनात, सुरक्षिततेची जबाबदारी होती, आणि उतरलेली वस्तू हातात देऊन मुलाला उमेद कशी देणार, हाही प्रश्न होता. आपलं कोडं काही वेगळं नाही.

तुमची पोती वाया जाऊ देऊ नका. मे २०२३ पासून शहरांत उघडलेल्या ‘ट्रिपल आर’ (रिड्यूस, रीयूज, रीसायकल) केंद्रांवर जुनी खेळणी, पुस्तकं, कपडे घेतात. ठोकळे, रिंगा, मोठे मणी असे संच पूर्ण आणि धुतलेले असतील तर जवळच्या अंगणवाडीतल्या दीदींना विचारा; तिथे तीन ते सहा वर्षांची मुलं असतात आणि एक संच वर्षभर फिरतो. मे २०२२ मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान भोपाळला आणि मग इंदूरलाही हातगाडी घेऊन अंगणवाड्यांसाठी खेळणी मागत फिरले होते, ते आठवत असेल. अंगणवाडीची गरज आणि एका मुलाची दिवाळी, या दोन गोष्टी मी वेगळ्या ठेवते.

आमच्या मंडळात मुलांना स्टेजवर बोलावून पाहुण्यांच्या हस्ते खेळणी देतात. तुम्ही म्हणता मुलं नकोत, फोटोही नकोत. मग देणाऱ्यांना समाधान कसलं, आणि चार लोकांना कळणार कसं? (लोकमान्यनगर)

या प्रश्नावर मी दरवर्षी कुणाशी तरी भांडते, तेव्हा सविस्तरच सांगते.

स्टेजवरच्या मुलाला त्या संध्याकाळी दोन गोष्टी कळतात. एक, आपल्याला गाडी मिळाली. दुसरी, ती बाबांनी नाही, हार घातलेल्या काकांनी दिली. घरी बाबा समोर बसलेलेच असतात. दिवाळीला मुलाच्या हातात काही ठेवता येत नाही, ही बोच आईबापांची असते. आपण मध्ये शिरून ती चारचौघांत दाखवतो.

म्हणून आमच्याकडे पालक येतात, मुलांना घरी ठेवून. सामुदायिक भवनात वयाप्रमाणे टेबलं लावलेली असतात. पालक हिंडतात, उचलून बघतात, ठेवतात, पुन्हा उचलतात. कोपऱ्यात रंगीत कागद, चिकटपट्टी आणि कात्री असते. बांधून न्यायचं आणि लक्ष्मीपूजनाला द्यायचं की भाऊबीजेला, ते त्यांनी ठरवायचं. घाई करायची नाही, एवढंच आमचं काम.

एकदा रंगकाम करणारे एक गृहस्थ आले होते, नखांत चुना तसाच होता. मुलीसाठी बॅडमिंटनचा जोड घेतला आणि डबा उलटसुलट करून पाहत राहिले. मला वाटलं किंमत शोधताहेत. मग हळूच म्हणाले, “दीदी, इस पर आप लोगों का नाम तो नहीं है ना?” होतं. मंडळाचं चांगलं तळहाताएवढं स्टिकर होतं. ते नखाने खरवडायला लागले, मी ओली फडकी आणून दिली. त्या दिवसापासून आमच्या खेळण्यांवर स्टिकर लागत नाही. देणगीदारांपैकी दोघे नाराज झाले. होऊ देत.

फोटोचं म्हणाल, तर बालगृहातल्या मुलांचा फोटो किंवा ओळख माध्यमांतून उघड करणं हा गुन्हाच आहे. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७४ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. मोबाइलवर टाकलेली पोस्टही तुम्ही समजता तेवढी खासगी नसते. वस्तीतल्या मुलांना हे कलम लागो न लागो, त्यांचे वर्गमित्रही तोच फोटो बघतात. कळवायचंच असेल तर भरलेल्या टेबलांचा फोटो टाका, संध्याकाळी रिकाम्या टेबलांचा टाका, हिशेब टाका. लोक पुढच्या वर्षी देतात की नाही बघा.

नगर निगमाकडे नक्की काय मागावं? (एक तरुण मंडळ)

पैसे मागू नका. फाइल फिरेपर्यंत दिवाळी उरकते. दोन दिवस सामुदायिक भवन, एक गाडी आणि वस्तीत कुणाला बोलवायचं याची यादी करायला झोनच्या कर्मचाऱ्यांची मदत मागा. शहरात ८५ वॉर्ड आहेत. सगळे घ्यायला जाऊ नका, एक घ्या आणि नीट करा. आपल्या पार्षदांना, म्हणजे नगरसेवकांना, आधी भेटा आणि फ्लेक्सवर कुणाचाही चेहरा नसेल हे त्याच भेटीत सांगून टाका. नंतर सांगणं जड जातं.

यजमानांची नोकरी एप्रिलमध्ये गेली. पांढरपेशी वस्ती, स्वतःचा फ्लॅट आहे, त्याचा हप्ता आहे. दोन मुलं. आम्ही यात बसतो का? (नाव-पत्ता छापू नये)

बसता. गरिबीरेषेचं कार्ड आम्ही मागत नाही. मुलांची वयं सांगा आणि या. ओळखीचं कुणी भेटेल अशी धास्ती असेल तर आदल्या संध्याकाळी या, टेबलं लागत असतात आणि तेव्हा तिथे मोजकीच माणसं असतात. अशी पत्रं आता दरवर्षी येतात, तुम्ही एकट्या नाही. परतफेड म्हणून कामाला येते असं लिहिलंय, त्याची गरज नाही.

बारा-तेरा वर्षांच्या मुलांना काय द्यावं? (राजेंद्रनगर)

या वयाचं टेबल सगळ्यात आधी रिकामं होतं, कारण बाहुल्या आणि गाड्या घेणं सोपं, म्हणून देणारे त्याच आणतात. कॅरम, फुटबॉल, बुद्धिबळ, स्केटबोर्ड, मनगटी घड्याळ, चित्रकलेचे चांगले रंग द्या. कंपास पेटी देऊ नका. ती शाळेची वस्तू आहे, दिवाळीची नाही. मुलींसाठी दरवेळी भातुकलीच कशाला?

राणीपुऱ्यात घाऊक खेळणी घ्यायची आहेत. काय बघावं?

आयएसआय चिन्ह. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर ते सक्तीचं आहे. विजेवर वा सेलवर चालणाऱ्या खेळण्यावर आयएस १५६४४, बाकीच्यांवर आयएस ९८७३. चिन्हाखालचा सीएम/एल क्रमांक, म्हणजे उत्पादकाचा परवाना क्रमांक, ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकून दुकानातच पडताळा. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू द्या. भौगोलिक मानांकन असलेल्या नोंदणीकृत कारागिरांच्या खेळण्यांना या सक्तीतून सूट आहे. आपली इंदूरची चामड्याची खेळणी मानांकनाच्या यादीत आहेत, ती जरूर घ्या.

तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यात सुटा होणारा बारीक भाग नको. मानकातलं मापाचं नळकांडं ३१.७ मिलिमीटर व्यासाचं असतं, त्यात जे मावतं ते घशात अडकू शकतं. चपटे बटन सेल असतील तर त्यांचं झाकण स्क्रूने बंद आहे ना बघा. लिथियमचा असा सेल गिळला गेला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. खटक्याने उघडणारं झाकण असेल तर ते खेळणं आम्ही टेबलावर ठेवतच नाही, कितीही महाग असो.

खेळणी दिली तर देणगीवरची ८०जीची आयकर सवलत मिळते का? (दोन वाचक, दोघेही सीए असावेत अशी शंका आहे)

नाही. वस्तुरूपातल्या देणगीला ती नाही. पैसे दिलेत तर, तेही जुनी करप्रणाली निवडलेली असेल आणि संस्था नोंदलेली असेल तरच. रोख २,००० रुपयांच्या वर चालत नाही. खेळण्यांची पोच आम्ही देतो, ती आमच्या हिशेबापुरती.