दिव्याखालचे टोमॅटो : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात एडमंटनच्या आमच्या तळघरात विजेच्या दिव्याखाली हिवाळाभर चालणाऱ्या टोमॅटोंबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर बरीच पत्रं आली. बहुतेक कॅनडा आणि उत्तर अमेरिकेतली, एक कोथरूडचं. सगळ्यांना जागा देता येत नाही, म्हणून पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न घेतले आहेत.

ताई, दुकानातून 'ड्वार्फ' असं छापलेलं पाकीट आणलं. झाड माझ्या छातीला लागलं आणि शेंडा दिव्याला टेकून करपला. बुटकं म्हणतात ते हेच का? – एक वाचक, मिनियापोलिस

पाकीट खोटं नाही, पण तुमच्या कामाचंही नाही. टोमॅटोत 'ड्वार्फ' म्हणजे जाड खोडाचं, गच्च पानांचं झाड. ते सावकाश वाढतं, पण तीन-चार फुटांपर्यंत जातं. अमेरिकेतले क्रेग लेहूलिअर आणि ऑस्ट्रेलियातल्या पॅट्रिना नुस्के स्मॉल यांनी हौशी बागाईतदारांना हाताशी धरून अशा कितीतरी जाती तयार केल्या. चव उत्तम, पण त्या अंगणातल्या मोठ्या कुंडीसाठी.

दिव्याखाली लावायच्या त्या 'मायक्रो ड्वार्फ'. वीतभर, फार तर फूटभर. 'टायनी टिम' यातली जुनी, न्यू हॅम्पशायर विद्यापीठाची. 'मायक्रो टॉम' फ्लोरिडा विद्यापीठातली, १९८९ची. ती इतकी छोटी आणि झटपट फळणारी की आता जगभरच्या प्रयोगशाळांत संशोधनासाठी वापरतात. दिसायला गोजिरवाणी, चवीला बेताची. पाहुण्यांना दाखवायची असेल तर ती लावा, खायची असेल तर 'रेड रॉबिन' किंवा 'ऑरेंज हॅट' लावा. माझं मत विचाराल तर ऑरेंज हॅट.

या जातींची बगलफूट, म्हणजे पान आणि खोडाच्या बेचक्यातून येणारा फुटवा, खुडू नका. गावाकडे मांडवावरच्या टोमॅटोची फूट काढतात ते पाहून इथे बरेच जण कात्री चालवतात. मायक्रो ड्वार्फची वाढ ठरावीक उंचीला आपोआप थांबते आणि फळं त्याच फुटव्यांवर लागतात. फूट काढली की फळ गेलं.

तुमचं छातीएवढं झाड टाकून देऊ नका. काठीचा आधार द्या, जमेल तितक्या उजेडात ठेवा आणि मे महिन्याच्या उत्तरार्धात रात्रीचं दव गोठायचं थांबलं की हळूहळू बाहेरची सवय लावून अंगणात हलवा.

खिडकी दक्षिणेची आहे, तरी रोपं काडीसारखी लांबुळकी झाली. ग्रो लाइटच घ्यावा लागतो का? हे म्हणतात, साधा एलईडी चालेल आणि चोवीस तास लावला तर फळ लवकर येईल. – सौ. पी., टोरांटो

'ह्यांचं' पहिलं म्हणणं बरोबर, दुसरं साफ चूक.

आधी खिडकीचं बघू. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात टोरांटोत दिवस जेमतेम नऊ तासांचा असतो, आमच्याकडे साडेसात. त्यातही सूर्य क्षितिजाजवळच घुटमळतो, आभाळ दाटलेलं असतं आणि मध्ये दुहेरी काच. आपल्या डोळ्यांना खोली लख्ख वाटते, कारण डोळे जुळवून घेतात. पानांना ते जमत नाही. उजेड कमी पडला की रोप सगळी ताकद उंच व्हायला लावतं, ती तुमची काडी.

दिवा पांढरा एलईडी असला की झालं. जांभळा उजेड पाडणारे दिवे मी घेऊ देत नाही. रोप त्यातही वाढतं, पण त्या उजेडात पान पिवळं पडलंय की हिरवं आहे हे माणसाला कळतच नाही, आणि रोग लक्षात येईपर्यंत उशीर होतो. खोक्यावर 'शंभर वॉटच्या बरोबरीचा' असं लिहिलेलं असतं तिकडे पाहू नका. तो खरोखर किती वॉट वीज घेतो ते बारीक अक्षरात असतं, ते वाचा. दीड फूट बाय दोन फूट जागेत चार-पाच कुंड्या बसतात, त्यांना खरे चाळीस वॉट तरी हवेत. पालेभाजी याच्या निम्म्यात भागते. टोमॅटोला फळ धरायचं असतं, तिथे काटकसर चालत नाही.

खर्चाची भीती बऱ्याच जणींनी लिहिली आहे. ४० वॉट रोज १६ तास म्हणजे दिवसाला ०.६४ युनिट, महिन्याला साधारण १९ युनिट. तुमच्या बिलावरचा दर घेऊन गुणाकार करा. मॉलमधल्या दोन कप कॉफीच्या आतबाहेर येईल.

दिवा शेंड्यापासून वीतभर ते फूटभर उंचीवर ठेवा. तो दुकानात मिळणाऱ्या साखळीवर टांगा म्हणजे झाड वाढेल तसा एकेक कडी वर घेता येतो. शेंड्याची पानं वर वळून कडा पांढुरक्या झाल्या तर दिवा फार जवळ आहे. दोन पानांमधलं खोड बोटाच्या पेराहून लांब वाढू लागलं तर फार दूर आहे.

आता चोवीस तासांचं. टोमॅटोला फुलायला दिवस लहान-मोठा असण्याशी देणंघेणं नाही, त्यामुळे तास वाढवले म्हणून फुलं लवकर येत नाहीत. उलट अखंड उजेडात टोमॅटोची पानं पिवळ्या ठिपक्यांनी भरतात आणि झाड खंगतं. काकडी शेजारी ठेवून तिच्याशी तुलना करत बसू नका, प्रत्येकाचं सोसणं वेगळं. चौदा ते सोळा तास दिवा, बाकी पूर्ण अंधार. टायमर लावा. 'मी रोज आठवणीने बंद करीन' असं म्हणणाऱ्या घरात दिवा रात्री दोनलाही चालू असतो.

काकू, झाड फुलांनी भरलंय पण एकही फळ धरत नाही. फुलं देठाच्या मधल्या गाठीतून गळून पडतात. मी होस्टेलच्या खोलीत लावलंय, खाली हीटर आहे. – एक विद्यार्थी, न्यू जर्सी

अरे, फार छान निरीक्षण आहे तुझं. त्या देठाच्या गाठीतूनच झाड फूल सोडून देतं. फळ धरलं नाही की ते फूल झाडाला नको असतं.

एक फूल नीट बघ. मागे वळलेल्या पिवळ्या पाकळ्या आणि मध्ये पिवळीच नळी, टोकाला निमुळती. ती नळी म्हणजे एकमेकांना चिकटलेले पुंकेसर, आणि स्त्रीकेसर तिच्या आत. म्हणजे नवरा-नवरी एकाच घरात आहेत, फक्त परागकण आतल्या बाजूला अडकलेले असतात आणि फूल थरथरलं तरच झडतात. बाहेर वारा हे काम करतो, किंवा भुंगा (बंबलबी) फुलाला लटकून पंख न हलवता अंग गुणगुणवतो. मधमाशीला ही युक्ती येत नाही. ओंटारिओतल्या लेमिंग्टनला टोमॅटोची काचघरं मैलोन्‌मैल आहेत, तिथे आत भुंग्यांच्या पेट्या ठेवतात. १९८०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत हेच काम माणसं हातात कंपन करणारी कांडी घेऊन घोसागणिक करायची.

तुझ्याकडे जुना विजेवरचा टूथब्रश असेल तर उत्तम. तो चालू करून ब्रशची पाठ घोसाच्या देठाला दोन-तीन सेकंद टेकव, फुलाला नाही. खाली काळा कागद धरलास तर पिवळी भुकटी पडताना दिसेल. दिसली नाही तर हवा एक तर दमट आहे, किंवा फूल अजून कोवळं आहे. दिवा लागल्यानंतर तीन-चार तासांनी, एक दिवसाआड, फुलं असेपर्यंत करत राहा. ब्रश नसेल तर बोटाने टिचकी मार. काम ठीक होतं, थोडं कमी.

आणि ते झाड हीटरवरून उचल. रात्री खोली २४ अंशांच्या वर राहिली की परागकण बिघडतात, मग कितीही टिचक्या मार. रात्री १६ ते २० अंश असतील अशी जागा शोध. हीटरच्या कोरड्या हवेने लाल कोळी ही पानांचा रस शोषणारी बारीक कीडही येते. पानाखाली बारीक जाळी दिसली तर झाड न्हाणीघरात नेऊन पानांची पाठ पाण्याने धुऊन काढ. फळ धरल्याची खूण म्हणजे पाकळ्या सुकून पुढे टोपीसारख्या लोंबतात आणि मागे मोहरीएवढा हिरवा मणी दिसतो. तिथून लाल व्हायला अजून दीड महिना. धीर धर.

पानांच्या खाली बारीक पांढरट फोड आलेत. कसली अंडी आहेत का? – कॅल्गरी

नखाने हलकेच खरवडा. सुटून आली तर अंडी. पानाचाच भाग असल्यासारखी चिकटून राहिली तर फोड. घरातल्या दिव्याखाली हे होतं, कारण दिव्यात उन्हातले अतिनील (अल्ट्राव्हायोलेट) किरण जवळजवळ नसतात, आणि त्यात माती सतत ओली असली की आणखी. रोग नाही, शेजारच्या झाडाला लागत नाही. पाणी कमी करा, छोटा पंखा मंद गतीवर लावा. औषध मारू नका.

कुंडीभोवती चिलटं घोंघावतात. घरचे वैतागलेत.

हा प्रश्न सहा पत्रांत होता. त्यांच्या अळ्या ओल्या मातीच्या वरच्या थरात असतात. तो थर बोटभर सुकेपर्यंत पाणी घालू नका, मग बशीत पाणी ओतून खालून पाजा आणि उरलेलं अर्ध्या तासाने ओतून टाका. पिवळे चिकट कागद मोठ्या चिलटांना पकडतात. अंगणातली माती घरात आणू नका. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि परलाइट (पांढरे, हलके खनिज दाणे) यांचं मिश्रण, एका झाडाला दीड-दोन लिटरची कुंडी. फुलं येऊ लागली की नत्राचं खत कमी करून पालाश जास्त असलेलं द्या, नाहीतर पाला माजतो.

आम्ही कोथरूडला राहतो. आम्हीही दिवा घ्यावा का?

नका घेऊ. पुण्यात वर्षातला सर्वांत लहान दिवसही अकरा तासांचा असतो आणि हिवाळ्यातलं ऊन म्हणजे टोमॅटोचा हंगामच. ज्यांच्या जिल्ह्यात नारायणगावची टोमॅटोची बाजारपेठ आहे त्यांनी विजेवर टोमॅटो काढणं मला पटत नाही. गॅलरी उत्तरेला असेल आणि दुसरा इलाजच नसेल तर गोष्ट वेगळी. बियाणं मात्र मायक्रो ड्वार्फचंच घ्या, कठड्यावरच्या छोट्या कुंडीत छान बसतं. ऑक्टोबरात पेरा, म्हणजे एप्रिलच्या रात्री तापायच्या आत फळं हातात येतील.

एका झाडाला किती टोमॅटो येतात? साराला पुरतील का? आणि बी धरता येतं का?

साराला पुरणार नाहीत. बोराएवढी फळं, तीही टप्प्याटप्प्याने. चार-पाच झाडं असतील तर दोघांच्या कोशिंबिरीत आणि पोह्यांवर घालायला होतात. एवढ्यासाठी एवढा खटाटोप का, असं जावईबापूंनी विचारलं होतं. त्यांना जानेवारीत दुकानातला एक आणि झाडावरचा एक असे दोन टोमॅटो खायला दिले. पुन्हा विचारलं नाही. बी पेरल्यापासून पहिलं फळ यायला तीन महिने धरा. सप्टेंबरात निम्म्या कुंड्या आणि नोव्हेंबरात निम्म्या पेरल्या तर मार्चपर्यंत काहीतरी तोडायला असतं.

बी जरूर धरा, पाकिटावर 'एफ वन' (म्हणजे संकरित) लिहिलेलं नसेल तर. पूर्ण पिकलेलं फळ वाटीत पिळून गरासकट दोन-तीन दिवस झाकून ठेवा. आंबूस वास येऊन वर साय धरली की पाणी घालून हलवा. चांगलं बी खाली बसतं. ते गाळून बशीवर पसरून सावलीत वाळवा, कागदावर नको, चिकटून बसतं. पाकिटावर जात आणि वर्ष लगेच लिहा. नाव न लिहिलेलं बी मला पाठवून 'ताई, ही कोणती जात?' असं विचारणारी तीन पाकिटं आत्ता माझ्या टेबलावर आहेत. मला बी पाहून ओळखता येत नाही, कोणालाच येत नाही.