गुराब आणि गलबत

कोथरूडच्या एका सोसायटीतली मुलं यंदा दिवाळीत विजयदुर्ग करणार आहेत. त्यांच्या ताईने विचारलंय: खाडीत ठेवायच्या जहाजांच्या पाट्यांवर ‘गुराब’ लिहायचं की ‘गलबत’? दोन्ही एकच ना?

एकच नाहीत. आज शिडाच्या कुठल्याही मोठ्या नावेला आपण सरसकट गलबत म्हणतो, त्यात चूक काही नाही. पण शिवकालीन आणि आंग्रेकालीन (आंग्रे म्हणजे मराठी आरमाराचे सरदार घराणे) लिखाणात ही दोन वेगळी जहाजं आहेत. रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र, म्हणजे राज्यकारभारावरचा मराठेशाहीतला ग्रंथ, आरमाराच्या एका सुभ्याला (तुकडीला) पाच गुराबा आणि पंधरा गलबतं नेमायला सांगतं. अर्थ एकच असता तर अशी वेगळी मोजणी कोण करेल?

गुराब हे लढाईचं मुख्य जहाज. शब्द अरबी, मूळ अर्थ कावळा. इंग्रजांनी त्याचं ‘ग्रॅब’ केलं. तिला बहुधा दोन डोलकाठ्या, क्वचित तीन. आंग्र्यांच्या आरमाराचं वर्णन करणारा इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म तीन डोलकाठ्यांची गुराब सुमारे ३०० टनांची सांगतो, दोनांची १५० टनांपर्यंत. रुंद पोटाची आणि उथळ तळाची, म्हणून ती खाडीतही शिरे. तिची खरी ओळख मात्र नाळेत, म्हणजे पुढच्या टोकात. ती निमुळती, लांब आणि सखल असल्यामुळे तिच्यावरून थेट समोर तोफा डागता येत. इंग्रजांच्या मोठ्या जहाजांच्या बहुतेक तोफा कुशींना असत. त्यामुळे आंग्र्यांचे लोक मागून गाठत आणि आधी शिडं-डोलकाठ्या निकामी करत.

आता गलबत. फार तर ७० टनांचं. डोलकाठ्या दोन, मागची अगदी किरकोळ; पुढचीवर एकच भलंमोठं तिकोनी शीड. शिवाय ४०-५० वल्ही! वारा पडला की गुराब जागच्या जागी अडकायची. अशा वेळी गलबतं वल्हवत पुढे होत आणि तिला दोरांनी ओढत शत्रूपर्यंत नेत. ही जोडी समजली की पाच-पंधराचं प्रमाणही उलगडतं.

फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या बंदरात तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं. त्या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते, हे पुण्यात बसून लिहिताना आजही सलतं. मला वाटतं, लढाऊ गुराबा गेल्या तसा तो शब्द बोलण्यातून सुटला आणि व्यापारात टिकलेलं गलबत सगळ्याच शिडाच्या जहाजांचं नाव होऊन बसलं.

तेव्हा दोन्ही पाट्या कराव्यात. लांब नाकाच्या मोठ्या जहाजावर ‘गुराब’, वल्ह्यांच्या छोट्यांवर ‘गलबत’, आणि छोटी तिप्पट ठेवावीत. गुराब स्त्रीलिंगी आहे: ती गुराब, त्या गुराबा, गुराबेवर. ‘तो गुराब’ असं पाटीवर येऊ देऊ नका.