पाण्याखालच्या छायाचित्रांत लाल रंग जातो कुठे?

या महिन्याच्या टपालात पाण्याखालच्या छायाचित्रणाविषयी तीन पत्रे आहेत. पाऊस सरल्यावर आंबोली किंवा चोर्ला घाट उतरून समुद्राकडे जाणाऱ्या बेळगावकरांची गर्दी पाहता त्याचे नवल वाटू नये. मात्र एक पत्र थेट विहिरीतून आले आहे आणि त्याचा आनंद अधिक आहे.

प्रश्न : माझे डायव्हिंगचे प्रशिक्षण झाले आहे. डिसेंबरात मालवणला पाण्याखाली छोट्या जलरोधक कॅमेऱ्याने दीडएकशे छायाचित्रे काढली. खाली असताना मासे चांगले पिवळे, काळ्या पट्ट्यांचे दिसत होते. घरी येऊन संगणकावर पाहिले तर सगळे निळसर-हिरव्या धुरात बुडालेले! फ्लॅश वापरला तिथे बर्फ पडल्यासारखे पांढरे ठिपके. कॅमेरा ‘ऑटो’वर होता. नवा घ्यावा काय?
— एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : नवा कॅमेरा घेऊ नये. दोष कॅमेऱ्याचा नाही आणि फारसा आपलाही नाही. तो मधल्या पाण्याचा आहे. पाणी प्रकाश शोषते, पण सगळे रंग सारख्या प्रमाणात शोषत नाही. लाल रंग सर्वांत आधी जातो. पाच मीटर खोलीवर त्याचा बराचसा भाग संपलेला असतो. त्याच्यामागून नारिंगी जातो, मग पिवळा. आपला मेंदू ओळखीच्या रंगांची भरपाई परस्पर करून टाकतो, त्यामुळे खाली असताना ही तूट जाणवत नाही. कॅमेरा मात्र समोर आले तेवढेच टिपतो. शिवाय हा हिशेब केवळ खोलीचा नसून प्रकाशाने पाण्यातून केलेल्या एकूण प्रवासाचा आहे. आपण पाच मीटरवर आहात आणि मासा आपल्यापासून दोन मीटर दूर आहे असे धरले, तर पृष्ठभागापासून माशापर्यंत आणि माशापासून भिंगापर्यंत मिळून प्रकाश निदान सात मीटर पाणी कापून येतो, आणि त्या शेवटच्या दोन मीटरांतला गाळ, शेवाळाचे कण आणि धूसरपणा छायाचित्रावर चढतो तो वेगळाच.

म्हणून माझी पहिली सूचना सेटिंगची नसून अंतराची आहे. झूम पूर्ण मागे घ्यावा आणि स्वतः पुढे सरकावे. हात लांब केला असता बोटे पोहोचतील एवढ्या अंतरावरून काढलेले छायाचित्र साध्या कॅमेऱ्यातही चांगले येते. दोन मीटरवरून काढलेले महागड्या कॅमेऱ्यातही फिकेच येते. यात एक फसगत असते. पाण्यातून मास्कच्या सपाट काचेत येताना प्रकाश वाकतो, म्हणून एक मीटरवरची वस्तू पाऊण मीटरवर असल्यासारखी आणि मोठी दिसते. ‘आता पुरेसे जवळ आलो’ असे वाटले की आणखी थोडे पुढे जावे. माशाचा पाठलाग करू नये, तो पळणारच. एका जागी स्थिर राहून श्वास संथ ठेवला, तर काही वेळाने तोच चौकशीला येतो.

आता सेटिंगकडे वळू. फ्लॅश बंद असताना व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरे ते पांढरेच दिसावे म्हणून कॅमेरा करतो ती रंगांची जुळणी, ‘ऑटो’वर न ठेवता हाताने बसवावा. त्यासाठी पांढऱ्या प्लास्टिकची छोटी पाटी सोबत न्यावी, ज्या खोलीवर काम करायचे तिथे ती भिंगासमोर धरावी आणि ‘कस्टम’ व्हाइट बॅलन्स नोंदवावा. दोन-तीन मीटर वर किंवा खाली गेलात की तो पुन्हा नोंदवावा लागतो, हे कंटाळवाणे आहे खरे. दहा-पंधरा मीटरच्या खाली हा उपाय फारसा चालत नाही, कारण जो लाल रंग उरलेलाच नाही तो कोणतेही सेटिंग परत आणू शकत नाही. कॅमेऱ्यात ‘रॉ’ स्वरूपाची, म्हणजे सेन्सरने टिपलेली माहिती प्रक्रिया न करता जशीच्या तशी साठवण्याची सोय असेल, तर ते अवश्य चालू करावे. ऑलिम्पस टफ टीजी-६ सारख्या, हाउसिंगशिवाय (कॅमेऱ्यावर चढवायच्या जलरोधक पेटीशिवाय) १५ मीटरपर्यंत चालणाऱ्या छोट्या कॅमेऱ्यातही ती आहे. रॉ फाइलमध्ये रंगांची दुरुस्ती नंतर संगणकावर बरीच सवडीने करता येते. छोट्या सेन्सरवर आयएसओची, म्हणजे प्रकाशाला असलेल्या संवेदनशीलतेची, कमाल मर्यादा ८०० ठेवावी, त्यावर रवाळपणा वाढतो. शटरचा वेग हाताने ठरवता येत असेल, तर माशांसाठी १/१२५ सेकंद किंवा त्याहून जलद असावा.

पांढऱ्या ठिपक्यांचे कारण आपल्याला आंबोली घाटातच सापडेल. दाट धुक्यात हेडलाइटचा अप्पर मारला की रस्ता दिसायचा सोडून समोर पांढरी भिंत उभी राहते. डिप्पर केला की निदान पुढचे वळण दिसते. कॅमेऱ्यातला फ्लॅश भिंगाला अगदी चिकटून असतो, त्यामुळे त्याचा उजेड भिंगासमोरच्या प्रत्येक कणावर पडून सरळ मागे परततो. विषय वीतभर अंतरावर असेल तेव्हाच तो वापरावा, एरवी बंद ठेवावा. पैसे खर्च करायचेच असतील, तर बाहेरून जोडायच्या पाण्याखालच्या फ्लॅशवर करावेत, ज्याला डायव्हर मंडळी स्ट्रोब म्हणतात. तो दांडीवर बसवून कॅमेऱ्यापासून हातभर बाजूला न्यावा आणि त्याचे तोंड विषयाकडे रोखण्याऐवजी किंचित बाहेर वळवावे, म्हणजे झोताची केवळ कड विषयावर पडते आणि मधले कण अंधारात राहतात. समुद्रातला निळेपणा कमी करण्यासाठी भिंगावर लाल फिल्टर लावतात, पण स्ट्रोब वापरताना तो ठेवू नये; स्ट्रोबच्या उजेडात लाल रंग असतोच, फिल्टरने तो दुप्पट होऊन मासा शेंदूर फासल्यासारखा दिसतो. व्हिडिओसाठी टॉर्च उपयोगी आहे, परंतु उथळ पाण्यात भर उन्हात तिचा प्रभाव वीत-दोन वितीपलीकडे जाणवत नाही.

प्रश्न : आमच्या गावच्या विहिरीत उन्हाळ्यात मुले पाठीला भोपळा बांधून पोहायला शिकतात, मोठी मुले काठावरून सूर मारतात. सूर मारणाऱ्या मुलाचे छायाचित्र पाण्याखालून काढायचे आहे. पाणी हिरवट आहे आणि खाली काळोख असतो. कोणते दिवे न्यावेत?
— एक शिक्षक, खानापूर तालुका

उत्तर : दिवे नेऊ नयेत, सूर्याची वाट पाहावी. विहिरीच्या भिंती सकाळ-संध्याकाळचे ऊन अडवतात, पण मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आपल्या भागात सूर्य दुपारी साडेबाराच्या सुमारास जवळजवळ थेट डोक्यावर येतो. तेवढ्या वेळात उन्हाचा झोत सरळ खाली उतरतो आणि पाण्यात त्याच्या तिरीपा स्पष्ट दिसतात. हा खेळ फार वेळ टिकत नाही, म्हणून बारापासूनच तयार असावे. आपल्याकडची मुले त्याच वेळी विहिरीवर असतात, हीदेखील सोयीची गोष्ट!

हिरवटपणा शेवाळामुळे असतो. अशा पाण्याला समुद्राचा लाल फिल्टर उपयोगी नाही, जांभळट गुलाबी म्हणजे मॅजेंटा फिल्टर लागतो. किंवा फिल्टरविना रॉमध्ये छायाचित्र काढून नंतर रंग सुधारावा. सूर टिपण्यासाठी शटर १/५०० ठेवून सलग छायाचित्रे काढण्याची सोय चालू करावी. फोकस मात्र ऐन वेळी कॅमेऱ्यावर सोडू नये, बुडबुड्यांत तो हमखास भरकटतो. मुलगा जिथे पाण्यात शिरणार त्या अंतरावर एक दोर सोडून त्यावर आधीच फोकस पक्का करावा आणि दोर काढून घ्यावा.

पाणी निवांत असताना खालून सरळ वर पाहिले, तर वरचे सारे जग सुमारे ९७ अंशांच्या एका गोल खिडकीत गोळा झालेले दिसते : काठ, त्यावर वाकलेली डोकी, झाडाची फांदी. खिडकीच्या बाहेर पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा होतो आणि त्यात विहिरीची भिंत उलटी दिसते. छोट्या कॅमेऱ्याचे दृष्टिक्षेत्र सपाट काचेमुळे पाण्यात आणखी अरुंद होते, त्यामुळे पूर्ण गोल मावणार नाही. अर्धाच घ्यावा, माझ्या मते तोच अधिक चांगला दिसतो.

आपण स्वतः सूर मारण्याच्या जागेच्या खाली कधीही राहू नये, बाजूच्या भिंतीला धरून राहावे. काठावर पोहता येणारा एक मोठा माणूस केवळ आपल्यावर लक्ष ठेवण्यासाठी उभा करावा. तळाला पाय लावू नये. एकदा गाळ उठला की त्या दिवसाचे काम संपले.

प्रश्न : माझ्या कॅमेऱ्याच्या हाउसिंगमध्ये पाण्यात गेल्यावर आतून वाफ धरते. गळती असेल का?
— एक वाचिका, निपाणी

उत्तर : बहुधा नाही. कोकणच्या दमट हवेत हाउसिंग बंद केले की ती ओली हवा आतच राहते आणि थंड पाण्यात काचेवर तिचे दव होते. कॅमेरा निपाणीतच, थंडीतल्या कोरड्या हवेत, आत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी टाकून बंद करून न्यावा. घाटमाथ्यापेक्षा समुद्रकाठी हवेचा दाब थोडा जास्त असतो, त्यामुळे घाट उतरून खाली गेल्यावर झाकण किंचित घट्ट वाटेल. तो बिघाड नव्हे.

तरीही गळतीची शहानिशा करावीच. कॅमेरा न ठेवता आत कोरडा टिश्यू कागद घालून हाउसिंग बादलीत अर्धा तास बुडवून ठेवावे. ही बादली मी एकदा टाळली होती. ओ-रिंगवर, म्हणजे झाकणाच्या फटीतून पाणी आत येऊ न देणाऱ्या रबरी कड्यावर, डोक्याचा एक केस आडवा पडला होता, मला तो दिसला नाही, आणि पोहण्याच्या तलावात जेमतेम दीड मीटरवर कॅमेरा गेला. तेव्हापासून ओ-रिंग काढून तिच्यावरून डोळे मिटून बोट फिरवतो. केस किंवा वाळूचा कण डोळ्यांपेक्षा बोटाला लवकर कळतो. त्यानंतर निर्मात्याने सांगितलेले सिलिकॉन ग्रीस अगदी पुसट लावावे. समुद्रातून वर आल्यावर हाउसिंग बंद असतानाच गोड्या पाण्यात भिजत ठेवावे आणि सगळी बटणे त्या पाण्यातच दाबून पाहावीत, नाहीतर मीठ सुकून बटणे अडकतात.