चिन्ह कधी उलटते, त्रैराशिक कधी चुकते?

प्रश्न : ७ − २क्ष = १ हे समीकरण सोडवताना शेवटी उणे दोनने भागून क्ष = ३ मिळते. त्याच पायऱ्यांनी ७ − २क्ष > १ ही असमानता सोडवून माझ्या मुलीने क्ष > ३ असे लिहिले. शिक्षिकेने ते खोडून क्ष < ३ केले. ऋण संख्येने भागल्यास चिन्ह उलटते, हा नियम तिने नुसता पाठ करावा काय?

उत्तर : मुळीच नाही. समीकरणाच्या दोन्ही बाजू म्हणजे एकच संख्या असते, त्यामुळे दोन्हींना उणे दोनने भागले तरी बरोबरी टिकते. असमानता मात्र संख्यारेषेवर कोण उजवीकडे आहे ते सांगते, आणि ऋण संख्येने गुणले किंवा भागले की रेषेच्या डाव्या-उजव्या बाजूंची अदलाबदल होते : २ हा ५ पेक्षा लहान आहे, पण −२ हा −५ पेक्षा मोठा आहे.

हा नियम न वापरताही उत्तर काढता येते. दोन्ही बाजूंत २क्ष मिळवा, म्हणजे ७ > १ + २क्ष. दोन्हींतून १ वजा करा, म्हणजे ६ > २क्ष. आता धन दोनने भागले की ३ > क्ष. पडताळा म्हणून क्ष = ४ घेतल्यास डावी बाजू −१ होते आणि ती १ पेक्षा मोठी नाही. ‘पलीकडे नेले की चिन्ह बदलते’ या पक्षांतराच्या घाईत दोन्ही बाजूंवर आपण कोणती क्रिया करतो आहोत हेच मुले विसरतात, म्हणून ती युक्ती उशिरा शिकवावी असे माझे मत आहे.

खरी कसोटी लागते ती ६/क्ष < २ अशा उदाहरणात. इथे क्षने गुणून क्ष > ३ एवढेच लिहिणारा विद्यार्थी क्ष धन आहे असे गृहीत धरतो. क्ष ऋण असल्यास डावी बाजू ऋण होते आणि असमानता आपोआप खरी ठरते. म्हणून पूर्ण उत्तर क्ष > ३ किंवा क्ष < ० असे आहे.

प्रश्न : वीज दुप्पट वापरली तर बिल त्रैराशिकाने दुप्पट येत नाही, असे का?

उत्तर : कारण बिलात स्थिर आकार असतो. समजा तो १३० रुपये आहे आणि युनिटचा दर ६ रुपये आहे, तर ५० युनिटांना ४३० आणि १०० युनिटांना ७३० रुपये होतात, ८६० नव्हे. युनिट आणि रक्कम यांचा आलेख सरळ रेषाच येतो, पण ती आरंभबिंदूतून जात नाही, म्हणून हे समचलन, म्हणजे एक राशी दुप्पट झाली की दुसरीही दुप्पट होणे, नाही. त्रैराशिकासाठी रक्कम आणि युनिट यांचे गुणोत्तर कायम राहावे लागते. इथे ते ८.६० वरून ७.३० वर येते. दोन्ही रकमांतून १३० वगळल्यास ३०० आणि ६०० उरतात, आणि तेवढ्या भागाला त्रैराशिक बिनचूक लागू होते. प्रत्यक्ष बिलात वापर वाढत गेला की पुढच्या टप्प्यातील युनिटांना वेगळा दर लागतो, त्यामुळे प्रत्येक टप्प्याचा हिशेब स्वतंत्र करावा.