जावास्क्रिप्टमध्ये चार-पाच आकड्यांतला सगळ्यात लहान कसा काढायचा? मित्र म्हणतो सॉर्ट करून, म्हणजे क्रमाने लावून, पहिला घे, चालेल का?

नका घेऊ. मॅथ डॉट मिन (Math.min) वापरा, आकडे सुटे असतील तर तसेच द्या, अ‍ॅरेत म्हणजे एका यादीत असतील तर अ‍ॅरेच्या नावाआधी तीन टिंबं लावा, झालं काम. पण सॉर्टचं वाचलं आणि राहवलं नाही.

मी तेव्हा कर्वे रोडला एका छोट्या कंपनीत होतो, चाकणच्या एका कारखान्यासाठी ट्रान्सपोर्टवाल्यांची कोटेशनं घ्यायचं पेज करत होतो. ज्याचा रेट सगळ्यात कमी त्याच्या नावावर हिरवी पट्टी. मी साधा फॉर लूप लिहिलेला, पहिला आकडा धरायचा, पुढचा त्याहून लहान निघाला की तो धरायचा. आमच्या सीनियरनी सगळ्यांसमोर स्क्रीनवर बोट ठेवलं, "एवढ्याशा कामाला सात ओळी? सॉर्ट मार, पहिला उचल." मी म्हटलं सर, एकदा नजर फिरवून भागतंय तर अख्खी यादी लावायची कशाला, तर "तू अजून कॉलेजातच आहेस" म्हणाले आणि माझा लूप उडवला.

दोन महिने कुणाला पत्ता लागला नाही, कारण सगळे रेट पाच आकडी. मग एकाने 9800 भरला, बाकीचे 10500 आणि 11200. पट्टी 10500 वर! आकडे नंबरच होते, स्ट्रिंग म्हणजे मजकूर नव्हते, तरीही. सॉर्टला काही सांगितलं नाही तर तो आकड्यांचा मजकूर करून लावतो, डिक्शनरीतल्या शब्दांसारखा, आणि 1 हे 9 च्या आधी येतं. बोली बंद झाल्यावर सगळे रेट सगळ्यांना दिसायचे, त्यामुळे 9800 वाला माणूस प्रिंटआउट घेऊन थेट ऑफिसात आला, तिन्ही रेट पेनाने गोल केलेले, आणि मला विचारतो, "साहेब, माझं काय चुकलं ते तरी सांगा." मी काय सांगणार? त्याची ट्रिप गेली होती आणि माफीच्या मेलखाली नाव माझं होतं.

सॉर्टला दोन आकड्यांची वजाबाकी करून तुलना करणारं फंक्शन दिलं की क्रम बरोबर लागतो, हे मान्य. पण मूळ अ‍ॅरे हलतो तो हलतोच, आणि एक आकडा शोधायला तो का हलवायचा हे मला आजही पटलेलं नाही. मित्राला 9800 आणि 10500 टाकून बघायला सांगा.

हां, मॅथ डॉट मिनचंही बघून घ्या. टिंबं विसरलात तर नॅन (NaN, म्हणजे 'हा आकडाच नाही') मिळेल, अ‍ॅरे रिकामा असेल तर इन्फिनिटी, म्हणजे अनंत. आकडे लाखांत असतील तर टिंबांनी स्टॅक, म्हणजे फंक्शन चालवायची मेमरी, भरून एरर येऊ शकते, तिथे लूपच लिहा, सात ओळी झाल्या तरी. आणि फॉर्ममधली रिकामी चौकट मॅथ डॉट मिन शून्य धरतो, म्हणजे ज्याने रेटच भरला नाही त्याला हिरवी पट्टी मिळेल, तेवढ्या रिकाम्या चौकटी आधी गाळून घ्या.