बाब्याला मोठी टाकी द्या, पण आधी टेट्रा हलवा

प्रश्न : आमच्याकडे दोन फुटी टाकीत एक ऑस्कर मासा आहे. गेल्या दिवाळीला मुलाने मडगावहून आणला तेव्हा दीड इंचाचा होता, आता शेपटीसकट आठ इंच भरतो. आम्ही त्याला बाब्या म्हणतो. वळताना त्याची शेपटी काचेला घासते आणि पाणी बदललं की तीन दिवसांत परत गढूळ होतं. शिरोड्याला आमच्या मूळ घरी दिरांची पाच फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकी आहे. तिच्यात 12 निऑन टेट्रा, 4 एंजल, 2 गुरामी, 3 कोरी, 5 सिल्व्हर शार्क आणि एक मोठा सकर आहे. तळाला रेती आणि कोळव्याच्या समुद्रकिनाऱ्यावरून आणलेले शिंपले. दीर म्हणतात, चवथीला सगळे येणारच आहात, तेव्हा बाब्यालाही घेऊन या, मोठ्या टाकीत तो शांत होईल. दुकानदार सांगतो की लहानपणापासून पेलेट खाणारा ऑस्कर शिकार करत नाही. हे खरं का? आमचं पाणी विहिरीचं, शिरोड्याचं नळाचं. त्याला न्यावा कसा?
— एक वाचक, ढवळी, फोंडा

उत्तर : ताई, बाब्याला हलवायलाच हवं. दोन फुटांत त्याची वाढ खुंटेल, आणि त्याच्या घाणीला ते पाणी आत्ताच पुरत नाही. दिरांच्या टाकीचा हिशेब मी करून पाहिला. सव्वाअकरा घनफूट, म्हणजे काठोकाठ भरली तर सुमारे 318 लिटर. रेती, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली की 280 लिटरच्या आसपास पाणी उरतं. ऑस्कर घरच्या टाकीत दहा ते बारा इंचांपर्यंत जातो आणि नीट सांभाळला तर दहा वर्षांहून जास्त जगतो. अशा एका ऑस्करला एवढं पाणी लागतंच. टाकी चांगली आहे. प्रश्न तिच्यात आधीपासून राहणाऱ्यांचा आहे.

दुकानदाराचं म्हणणं मनातून काढून टाका. पेलेटची सवय लागली म्हणून ऑस्करची शिकार सुटत नाही. अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला हा मासा, तिथे तो लहान मासे, झिंगे आणि पाण्यात पडणारे किडे खातो. आपल्या खाजनांत, म्हणजे खाडीकाठच्या बांधलेल्या शेतांत, मानशीच्या (पाण्याच्या दाराच्या) तोंडाशी मिळणारं काळुंदर आणि ऑस्कर एकाच सिक्लिड कुळातले, पण काळुंदराचा भर शेवाळावर आणि ऑस्करचा मांसावर. आज संध्याकाळी बाब्याला दाणा टाकाल तेव्हा समोरून न पाहता बाजूने पाहा. दाण्याजवळ आला की तो क्षणभर थबकतो, मग जबडा पुढे सरकतो, गाल फुगतात आणि पाण्यासकट दाणा आत जातो. चावणं नाही, झडप नाही. टेट्रा असाच जाणार. घरात कुणाला कळणारही नाही, फक्त सकाळी मोजताना बारांचे नऊ भरतील.

टाकी मोठी झाली म्हणून हे थांबत नाही. मोठ्या टाकीचा फायदा वेगळा आहे: पाणी स्वच्छ राहतं, मोठ्या सोबत्यांना बाजूला व्हायला जागा मिळते, भांडणं कमी होतात. भूक आणि तोंडाचा आकार मात्र तेवढाच राहतो, उलट महिन्यागणिक वाढतो. कित्येकदा ऑस्कर नव्या टाकीत दोन-तीन आठवडे कुणाकडे बघतही नाही आणि घरचे निश्चिंत होतात. मग एक दिवस तो पुरेसा मोठा होतो, आणि कालपर्यंत तोंडात न मावणारा मासा आज मावतो.

म्हणून दिरांशी आधी हे बोलून घ्या. 12 टेट्रा आणि 2 गुरामी दुसऱ्या टाकीत जायला हवेत, यात तडजोड नाही. एंजलही काढा. ते उंच दिसतात म्हणून लोकांना वाटतं की ऑस्कर त्यांना गिळणार नाही. पण त्यांचं अंग चपटं आणि पर लांब, आधी परांच्या चिंध्या होतात आणि मग मासा खचतो.

कोरींबद्दल मला जास्त काळजी आहे, आणि ती कोरींइतकीच बाब्याचीही आहे. या छोट्या कॅटफिशच्या छातीच्या परांना आणि पाठीवरच्या पराला टणक काटे असतात. घाबरली की कोरी ते ताठ करून अडकवून ठेवते. ऑस्करने तिला गिळायचा प्रयत्न केला की काटे घशात रुततात, मग ती धड आतही जात नाही आणि बाहेरही येत नाही. दोघेही मरतात. तीन कोरी राहिल्या तर काय बिघडलं, असं कृपा करून म्हणू नका.

सिल्व्हर शार्क सहा इंचांच्या पुढे असतील तर राहू द्या. ते चपळ असतात, कळपाने राहतात आणि बाब्याच्या वाटेला जात नाहीत. तीन-चार इंचांचे असतील तर तेही आत्ता बाजूला ठेवा. मोठा सकर चालेल. पुढे कधी सोबत वाढवावीशी वाटली तर वाढलेले सिल्व्हर डॉलर चांगले, तेही दक्षिण अमेरिकेतलेच आणि अंगाने रुंद. दुसरा ऑस्कर मात्र या टाकीत नको.

आता पाण्याकडे येते, कारण हलवलेले ऑस्कर शेजाऱ्यांपेक्षा पाण्यामुळे जास्त मरतात. आपल्या जांभ्या दगडातल्या विहिरींचं पाणी बहुधा मृदू आणि किंचित आम्लाकडे झुकलेलं असतं. त्यात मोठा मासा लहान टाकीत राहिला की त्याच्या घाणीवर काम करणारे जिवाणू पाण्यातला क्षार खर्च करतात आणि पीएच, म्हणजे आम्लता दाखवणारा अंक, आणखी खाली येतो. पीएच 7 च्या खाली असेल तर घाणीतला अमोनिया बराचसा अमोनियम या कमी विषारी रूपात राहतो. म्हणजे गढूळ पाण्यातही बाब्या आज तग धरून आहे तो या आम्लतेच्या आधाराने. दिरांच्या टाकीत नेमकं उलट असणार. समुद्राचे शिंपले हळूहळू विरघळतात, पाणी जड करतात आणि पीएच वर नेतात. मृदू पाण्यातून मासा उचलून थेट तिथे टाकला तर एक धक्का पाण्यातल्या फरकाचा, आणि दुसरा असा की तिथे साठणारा अमोनिया खऱ्या विषारी रूपात असतो.

शिंपले आजच काढायला सांगा. कितीही सुंदर असले तरी त्यांची जागा काचेच्या बरणीत. चिऱ्याचे तुकडे असतील तर तेही काढा, ऑस्कर दगडाला अंग घासतो आणि खरखरीत चिऱ्याने खवले सोलतात. इकडे बाब्याच्या टाकीत पुढचे दोन आठवडे एक दिवसाआड पाव टाकी पाणी बदला. विहिरीचं पाणी उपसून लगेच ओतू नका, एक रात्र बादलीत एअर पंप लावून ठेवा. शिरोड्याच्या नळाच्या पाण्याला क्लोरीन मारण्याचं औषध घालायलाच हवं. दुकानात ते अँटीक्लोरीन म्हणून मागितलं की मिळतं. पीएच आणि अमोनिया तपासायचा किट एकच घेतला तरी दोन्ही घरांना पुरेल. दोन्हीकडचा पीएच अर्ध्या अंकाच्या फरकात आला की निघायची तयारी करा.

चवथीला मात्र नेऊ नका. दिरांचा आग्रह प्रेमाचा आहे हे मला समजतं, पण त्या दिवसांत मूळ घरात काय असतं ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. घर माणसांनी भरलेलं, दारात फटाके, पोरं काचेवर बोटं वाजवणार, आणि संध्याकाळी घुमटांवर आरत्या. ऑस्कर काचेपलीकडच्या हालचालीला आणि आवाजाच्या कंपनाला फार दचकतो. नवी जागा आणि घुमट एकाच दिवशी त्याच्या वाट्याला आले तर तो काचेवर डोकं आपटून घेईल. शिवाय प्रत्येक पाहुणा त्याला चिमूटभर खाणं टाकून बघणार. गणपती पोचवून घर निवांत झालं की मगच न्या. तोपर्यंत दिरांना दुसऱ्या टाकीची सोय करायलाही वेळ मिळेल.

नेण्याच्या आदल्या दिवशी उपास. पोट रिकामं असलं की वाटेत पाणी घाण होत नाही. जाळी वापरू नका, त्याच्या पाठीवरच्या पराचे काटे जाळीत अडकून फाटतात आणि पिशवीला भोकंही पाडतात. टाकीतलं पाणी अर्ध्यावर आणा, प्लॅस्टिकचा टब आत आडवा धरून त्याला हळूच आत वळवा आणि पाण्यासकट उचला. झाकणाची मोठी बादली, 40 लिटरची असेल तर उत्तम, अर्धी त्याच्याच पाण्याने भरा आणि बॅटरीवरचा एअर पंप लावा. झाकण बांधा, ऑस्कर उड्या मारतो. अंधारात तो शांत राहतो, म्हणून बोरीच्या वळणांवर झाकण उघडून बघायचा मोह टाळा.

बादलीसोबत एक गोष्ट न विसरता न्या: बाब्याच्या फिल्टरचा जुना स्पंज, त्याच्याच पाण्यात बुडवून. तो नळाखाली धुऊ नका. त्यातले जिवाणू अमोनियाचा नायट्राइट आणि नायट्राइटचा नायट्रेट करतात. दिरांच्या फिल्टरवर आजवर छोट्या माशांचा भार होता, एकदम आठ इंची ऑस्कर आला की तो कमी पडेल. हा स्पंज त्यांच्या फिल्टरशेजारी लावा, आणि जमलं तर दुसरा फिल्टर कायमचाच ठेवा.

पोचल्यावर बादलीत हवेच्या बारीक नळीने टाकीचं पाणी थेंबथेंब सोडा. नळीला सैल गाठ मारली की धार आटोक्यात राहते. तासाभरात पाणी दुप्पट होईल. मग मासा टाकीत, बादलीतलं पाणी माडाला. सोडण्याआधी टाकीतले दगड आणि लाकूड इकडचे तिकडे करा, म्हणजे सिल्व्हर शार्कना आणि सकरलाही जागा नवी वाटेल. दिवा त्या रात्री बंद, आणि टाकीचं झाकण जड.

दुसऱ्या दिवशी दिरांचा फोन येईल की बाब्या तळाला आडवा पडलाय, रंग उडालाय, मेला बहुतेक. ऑस्कर असं करतो. जागा बदलली की कित्येक ऑस्कर कुशीवर पडून राहतात, फिके पडतात, तीन-चार दिवस खात नाहीत. श्वास संथ आणि सारखा चालू असेल, पर मिटलेले नसतील, अंगावर पांढरे ठिपके नसतील तर त्याला तसाच पडू द्या. औषध ओतू नका. कल्ल्यांवरची झडप भराभर हलत असेल किंवा तो पाण्याच्या वर तोंड काढून असेल, तर तो रुसवा नव्हे, तेव्हा आधी अमोनिया तपासा आणि पाव टाकी पाणी बदला. पहिला आठवडा ही तपासणी रोजच करा आणि नायट्राइटही बघा. दोन्ही शून्य दिसेपर्यंत खाणं अर्धं.

खाण्याबद्दल दिरांना लिहूनच द्या. दिवसातून एकदा सिक्लिडचे पेलेट, आठवड्यातून दोनदा सोललेलं ताजं सुंगट (कोळंबी), कधी कुळागरातलं, म्हणजे पोफळीच्या बागेतलं गांडूळ, जिथे औषध फवारत नाहीत तिथलं. तारले नकोत, त्यांचं तेल पाण्यावर तवंग धरतं. बाजारातले जिवंत गोल्डफिश तर मुळीच नकोत. त्यांच्यासोबत रोग येतात, आणि त्यांच्यातलं थायमिनेज ऑस्करच्या शरीरातलं बी-1 जीवनसत्त्व नष्ट करतं. पावसाळ्यात वीज जाते तेव्हा तो बॅटरीचा पंप टाकीशेजारीच असू द्या.

ढवळीची दोन फुटी टाकी निदान महिनाभर चालू ठेवा. शिरोड्याला कुणाची शेपटी फाटलेली दिसली, कुणी सतत वरच्या कोपऱ्यात दबून राहू लागला, तर त्याला परत आणायला भरलेलं, मुरलेलं पाणी तयार हवं. मुलाला मात्र शिरोड्याला जाताना बरोबर न्या. ऑस्कर खाणं देणाऱ्याला ओळखतो. नव्या घरात पहिला दाणा त्याच्या हातचा असू दे.

प्रश्न : माझा रेड टेल कॅटफिश दोन फुटांचा झालाय, टाकी चार फुटी. दुकानदार परत घेत नाही. गावच्या देवळाच्या तळीत सोडला तर तो सुखात राहील असं घरचे म्हणतात.
— एक वाचक, डिचोली

उत्तर : सोडू नका. हा मासा एक मीटरच्याही पुढे वाढतो आणि तळीतले पिठोळ, थिगूर, बेडूक, जे तोंडात मावेल ते खातो. पावसात तळी भरून वाहते, व्हाळाला मिळते, व्हाळ नदीला. एकदा बाहेर गेलेला मासा परत आणता येत नाही. तिलापिया 1952 साली भारतात आणला गेला, आज तो कुठल्या तळ्यात नाही? शौकिनांच्या ऑस्करनीही अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या कालव्यांत कायमचा मुक्काम केला आहे.

तुमच्या ओळखीत कुणाचं कुळागर असेल आणि त्यात सिमेंटचं मोठं बंदिस्त टाकं असेल, तर तिथे त्याची सोय होऊ शकते. टाकं निदान 12 फूट लांब आणि 6 फूट रुंद हवं. वर जाळी लावा, आणि टाक्याचा सांडवा व्हाळाकडे जात नाही ना हे स्वतः जाऊन बघा. पणजीच्या मत्स्योद्योग खात्यातही विचारा. सोय लागेपर्यंत खाणं दोन दिवसांआड करा आणि आठवड्यातून दोनदा एक तृतीयांश पाणी बदला. चार फुटांत त्याला अडचण आहेच, पण या दोन गोष्टींनी तो निभावून नेईल.