गुळवेलीवर प्रयोग सुरू करताना

आधी वेल पक्की ओळख. टिनोस्पोरा क्रिस्पा या तिच्यासारख्याच दिसणाऱ्या वेलीशी गल्लत हमखास होते. क्रिस्पाच्या खोडावर गाठीच गाठी असतात. फुलाफळांसकट दाबलेला नमुना मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातल्या ब्लॅटर हर्बेरियमला (वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह) दाखव. ठाण्याच्या येऊरच्या जंगलातून आणणार असलास तर वनखात्याची परवानगी हवीच, ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं.

ठाण्याच्या पावसाळ्यात सावलीत वाळवायच्या भानगडीत पडू नकोस, बुरशी धरते. पातळ काप करून ४० अंशांवर ड्रायरमध्ये ठेव, वजन स्थिर होईपर्यंत.

पेशींवर चाचणी करताना अर्क डीएमएसओ या द्रावकात विरघळवलास तर पेशींवर डीएमएसओचं प्रमाण ०.१ टक्क्यापुढे नेऊ नकोस. नुसत्या डीएमएसओचा कंट्रोलही (अर्काशिवाय, तुलनेसाठी) लाव, नाहीतर पेशी मारणार द्रावक आणि श्रेय वेलीला! एमटीटी चाचणीत (जिवंत पेशी एमटीटी हे पिवळं द्रव्य जांभळं करतात, त्या रंगावरून किती पेशी जिवंत ते कळतं) प्लेटच्या पेशी नसलेल्या खाचेतही अर्क घालून बघ: काही अर्क स्वतःच जांभळा रंग आणतात आणि मेलेल्या पेशी जिवंत वाटतात.